मोंबासाची शाळा आणि ब्राउनसाहेबाची छत्री

गुरुवारी सकाळी अब्बा ओसरीवर दाढी करत बसले होते. एका गालाला साबण, दुसरा गाल झालेला, आणि आरसा खिडकीच्या गजाला टांगलेला. मी आत सातवी ब च्या वह्या तपासत होते. आरशातूनच त्यांनी मला विचारलं, "मेहरुन, मोंबासाला उन्हाळा कधी असतो?"

"भूगोलाच्या बाईंना विचारते," मी म्हटलं.

उत्तर मला माहीत होतं. मोंबासाला सगळ्यात जास्त उकडतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. पण चाळीस मुलींनी एकाच निबंधात "अविस्मरणीय" हा शब्द चाळीस प्रकारांनी लिहिला होता, आणि मी मान वर केली नाही.

मग त्यांनी रोजचा प्रश्न विचारला. "लाइन क्लिअर?"

"बघू," मी रोजचं उत्तर दिलं.

त्यांनी उरलेला गाल केला. चहा घेतला, बशीत ओतून, फुंकर न मारता. शेजारच्या हौसरावांशी कांद्यावरून भांडले. दुपारी झोपले, संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी चहाचं आधण ठेवायच्या आत ते गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही. लिहायचं आहे ते शाळेबद्दल, कारण शिरूरच्या बाजारात तिच्याविषयी निरनिराळं बोललं जातं, आणि निदान एक हकिकत खरी असावी.

अब्बा, म्हणजे मीरासाहेब, दौंड जंक्शनला असिस्टंट स्टेशन मास्तर होते. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून शिरूरला माझ्याकडे राहायला आले. शिरूरला रेल्वे नाही. त्यामुळे हे गाव त्यांना कायम अर्धवट बांधून सोडल्यासारखं वाटायचं. एस.टी. उशिरा आली की ते कंडक्टरकडे बघत, आणि कंडक्टर दुसरीकडे बघत असे. घरात ते आमची दखनी बोलायचे, रागावले की मराठी, आणि खूष असले की इंग्रजी. इथे मी त्यांचं सगळं मराठीतच लिहिते आहे. कुठलं वाक्य कुठल्या तब्येतीतलं, ते वाचणाऱ्यांनी ओळखावं.

एकसष्ट सालच्या जूनमध्ये मोंबासाहून एक जाड लिफाफा आला. माझी आत्या, म्हणजे आमची खुर्शिद फुफ्फी, दौंडला असते. तिचा मुलगा रशीद मोंबासाच्या बंदरावर कारकून आहे. त्याने लंडनच्या थॉर्नबी स्कूल ऑफ इंग्लिश नावाच्या संस्थेचं माहितीपत्रक पाठवलं होतं. या संस्थेला परदेशात ठिकठिकाणी इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या शाळा हव्या होत्या. नाव त्यांचं, पुस्तकं त्यांची, पद्धत त्यांची. आपण फक्त ठरलेले पौंड भरून हक्क विकत घ्यायचे आणि शाळा चालवायची. मोंबासा शहर अजून कुणी घेतलं नव्हतं. रशीदने लिहिलं होतं, "मामू, इथे समुद्र आहे, रेल्वे आहे, आपले लोक आहेत, आणि इंग्रजी कुणालाच धड येत नाही. तुम्ही अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांशी तीस वर्षं भांडलात. तुमच्यासारखं इंग्रजी इथल्या कलेक्टरलासुद्धा येत नाही."

शेवटचं वाक्य अब्बांनी मला तीनदा वाचून दाखवलं.

शाळा घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न घरातल्या घरात सुटला असता. पण अब्बांनी लिफाफा घेऊन दाराबाहेर पाऊल टाकलं आणि प्रश्न सार्वजनिक झाला.

पहिले हौसराव. निमोण्याला त्यांची शेती. पोरांच्या शिक्षणासाठी शिरूरला आमच्या शेजारी बिऱ्हाड केलेलं. त्यांनी माहितीपत्रक उलटंसुलटं पाहिलं, कागद बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाले, "कागुद चांगला हाय. पर मास्तर, तिथं कांदा मिळतो का?"

"मिळत असेल."

"आसंल म्हंजी? आधी इचारा. कांदा न्हाई तिथं मानूस ऱ्हाईल कसा? आन् खरंच नसंल, तर शाळा ऱ्हाऊ द्या, आपुन कांदाच नेऊ. अर्धा माझा, अर्धा तुमचा."

कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या साखरबाई त्याच वेळी पाटी घेऊन आल्या होत्या. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाईंचं लगीन करायचं सोडून मास्तर शाळंचं लगीन लावाया निघालं," म्हणाल्या आणि मेथीची जुडी माझ्यापुढे टाकली. मी चौतीस वर्षांची, बी.ए., बी.टी.; माझ्या लग्नाची काळजी साखरबाई मेथीच्या भावात करत असत. त्यात काही वाईट वाटण्यासारखं नव्हतं. जुडी मात्र किडकी निघाली.

खुर्शिद फुफ्फीचा सल्ला दौंडहून पोस्टकार्डाने आला. "जायचं का नाही ते तुम्ही बापलेक ठरवा. रशीदसाठी आंब्याचं लोणचं घालून ठेवलंय. तीन महिन्यांत मुरेल. तोवर ठरवा." अशा रीतीने या व्यवहाराला पहिली मुदत पडली.

आणि अब्बांनी मला विचारलं. त्यांच्या पद्धतीने.

दौंडहून मनमाडकडे जाणारी लाइन एकेरी. एका वेळी एकच गाडी. म्हणून गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनला विचारावं लागतं, लाइन क्लिअर? पुढच्या मास्तराने तो प्रश्न जसाच्या तसा परत म्हणायचा, मग हो म्हणायचं, आणि सोबत एक खासगी नंबर द्यायचा. तो वहीत टिपून घ्यायचा. एवढं झाल्याशिवाय डब्यात लाटसाहेब बसलेला असला तरी गाडी जागची हलत नाही. अब्बांनी जन्मभर हेच केलं होतं आणि घरातही ते सुटलं नव्हतं. बाजारात जायचं असो की भिंत रंगवायची असो, ते मला विचारत, "लाइन क्लिअर?" मी लहान होते तेव्हा ऐटीत नंबरसुद्धा देत असे. मोठी झाल्यावर नुसतं "हो" म्हणू लागले.

मोंबासाच्या बाबतीत मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

"हे उत्तर नाही," ते म्हणाले.

"मग बघू."

"बघू असा सिग्नल रेल्वेत नाही," ते म्हणाले, पण रागावले नाहीत. माहितीपत्रकाची घडी घालून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

त्याच आठवड्यात मी शाळेच्या लायब्ररीतून मोठा ॲटलास घरी आणला. पान चौतीस. मोंबासा हे बेट आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. ॲटलास मी माझ्या खोलीत गादीखाली ठेवला, आणि पाठ दुखायला लागली तेव्हा कापसाला दोष दिला.

शाळा विकत घेण्याआधी संस्थेच्या काही अटी होत्या. अर्जदाराने बारा प्रौढ विद्यार्थ्यांचा एक वर्ग घेऊन दाखवायचा. धडे बारा. वर्गात मातृभाषेचा एक शब्दही उच्चारायचा नाही. मग वर्गाचा फोटो आणि भरलेला अर्ज लंडनला पाठवायचा.

शिरूरला इंग्रजी शिकायला बारा प्रौढ मिळवणं सोपं नव्हतं. हौसराव शेजारधर्म म्हणून आले. दूधवाला कोंडिबा आला, कारण वर्गाच्या वेळी तो नाही तरी आमच्याच दारात असे. निमोण्याच्या सोसायटीचे चेअरमन सोपानराव आले. जिथे बारा माणसं जमतात तिथे आपण नसणं त्यांना बरं दिसत नव्हतं. साखरबाई "बसून बघते" म्हणाल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. बाकीचे इकडून-तिकडून गोळा झाले.

पद्धत संस्थेची होती, पण शिकवणारा रेल्वेचा. अब्बांनी प्रत्येकाला एक नंबर दिला. त्यांनी प्रश्न विचारला की विद्यार्थ्याने आधी तो जसाच्या तसा परत म्हणायचा, मग आपला नंबर सांगायचा, आणि मगच उत्तर. त्यामुळे "व्हॉट इज युवर नेम?" या साध्या प्रश्नाला हौसराव उभे राहून, टोपी सरळ करून म्हणत, "व्हॉट इज युवर नेम, नंबर सत्तावीस, माय नेम इज हौसराव." लंडनच्या माणसाने हे ऐकलं असतं तर त्याला तुरुंगाची आठवण झाली असती. पण एक सांगते, वर्गातल्या एकानेही प्रश्न नीट न ऐकता कधी उत्तर दिलं नाही. माझ्या सातवी ब बद्दल मला असं म्हणता येणार नाही.

खरी अडचण पुस्तकाची झाली. त्यात ब्राउन नावाचे एक गृहस्थ होते. पहिल्या धड्यात ते न्याहारी करत. दुसऱ्यात कपडे शिवायला टाकत. तिसऱ्या धड्यात त्यांची छत्री हरवली. वर्गात मराठी बोलायची मनाई, त्यामुळे पाऊण तास सगळे कोंडून ठेवल्यासारखे बसत. अब्बांनी पुस्तक मिटलं रे मिटलं की ओसरी एकदम फुटे.

"छत्री पाव्हण्यानं नेली," हौसराव म्हणाले. "दुसऱ्या धड्यात आला व्हता बघा, तो स्मिथ. त्याची नजरच बरी न्हाई."

"नजर कवा दिसली तुमास्नी? चित्रात पाठमोरा हाय," कोंडिबा म्हणाला.

"पाठमोरा का हाय मग?"

साखरबाईंचं लक्ष छत्रीकडे नव्हतंच. "त्या ब्राउनची बायकू कवाच त्याच्यासंगं जेवत न्हाई," त्या म्हणाल्या. "ती च्या देती आन् आत जाती. काहीतरी बिनसलंय तिथं. मास्तर, त्याची आई हाय का?"

"पुस्तकात नाही," अब्बा म्हणाले.

"मंग कोन सांगनार त्या पोराला!"

संस्थेने बारा धड्यांत इंग्रजी शिकवायचं योजलं होतं. शिरूरने त्यातून ब्राउनांचा संसार तेवढा घेतला. पण चौथ्या धड्याला वर्गात एकोणीस माणसं होती. नियम बाराचा. अब्बांनी सात जणांना उठवलं, त्यांतले तिघे अजून आमच्याशी बोलत नाहीत, आणि चौघे खिडकीबाहेर उभे राहून ऐकू लागले.

मग फोटो. शिरूरला फोटोग्राफर होता. पण अब्बांचं म्हणणं पडलं की फोटो दौंडला, प्लॅटफॉर्मवर, रेल्वेच्या घड्याळाखाली काढला की लंडनवर वजन पडेल. एका रविवारी बारा विद्यार्थी, मी आणि अब्बा एस.टी.ने दौंडला गेलो. साखरबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. सोपानराव फेटा बांधून आले आणि वाटेत वांत्या करत आले. फुफ्फी डबा घेऊन स्टेशनवर हजर होती. तिने प्रत्येकाला विचारलं की आंब्याच्या लोणच्यात मेथीदाणा जास्त चांगला की कमी, आणि कुणाचंच ऐकलं नाही.

अब्बा प्लॅटफॉर्मवर चढले आणि त्यांची पाठ सरळ झाली. हे मी त्याआधी इतकं स्पष्ट कधी पाहिलं नव्हतं. जुने सहकारी धावत आले. "मास्तर आले! मास्तर विलायतेला चालले!" कुणी पॉइंट्समन, कुणी गार्ड, कुणी चहावाला, सगळे फोटोत उभे राहिले. अब्बा ओरडत होते, "फक्त बारा! नियम आहे!" फोटोग्राफर काळ्या कापडात शिरला. तेवढ्यात शेजारच्या लाइनीवर उभ्या असलेल्या इंजिनाच्या ड्रायव्हरने, तोही अब्बांचा जुना दोस्त, सलामी म्हणून वाफ सोडली.

तो फोटो आमच्याकडे आहे. त्यात वरच्या बाजूला रेल्वेचं घड्याळ दिसतं, दहा वाजून वीस मिनिटं. खाली पायांचे एकतीस जोड दिसतात. मधे ढग आहे.

"पाय तर समद्यांचे आल्यात," हौसराव म्हणाले. "मोजून घ्या म्हनावं लंडनला."

कागदांची वाट याहून अवघड निघाली. पुण्याच्या एका कचेरीत परकीय चलनासाठी अर्ज द्यायचा होता. तिथला कारकून म्हणाला, आधी पासपोर्ट आणा. पासपोर्टचा कारकून म्हणाला, तिकडे तुमचं काय काम आहे त्याचा कागद आणा. लंडनची संस्था म्हणाली, आधी पौंड पाठवा, मग कागद देऊ. मला वाटलं होतं, आता अब्बा खचतील. पण ते पुण्याहून परत आले ते अत्यंत खुशीत, इंग्रजी बोलत. तीन स्टेशनं, प्रत्येक जण दुसऱ्याच्या लाइन क्लिअरची वाट बघतोय, आणि एकही गाडी हलत नाहीये, असं त्यांनी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, बेचाळीस साली. "आणि तेव्हा काय केलंत?" मी विचारलं. "बसून राहिलो," ते म्हणाले. "जो बसून राहतो त्याची गाडी निघते." खरोखर दीड महिन्याने कुठून तरी एक शिक्का मिळाला, आणि मग बाकीचेही मिळायला लागले. आता फक्त अर्जावर सही करून तो लंडनला धाडायचा राहिला होता. हे कळलं त्या दिवशी मी शाळेतून आल्याबरोबर पान चौतीस उघडून बसले.

अब्बांनी सही केली नाही. "लाइन क्लिअर?" ते विचारत. "बघू," मी म्हणत असे. मला वाटत होतं, घरात एका माणसाने तरी शहाण्यासारखं वागायला हवं, आणि ते दुसरं कुणी करणार नाही.

यानंतर जे झालं त्याला सोपानराव जबाबदार, आणि त्यांचा हेतू अगदी स्वच्छ होता. निमोण्याला सोसायटीच्या बी-बियाण्याच्या वाटपाचा कार्यक्रम होता. मांडव होता, लाउडस्पीकर होता, तालुक्याचे एक साहेब येणार होते. एवढी सगळी तयारी एकाच कामासाठी वापरायची हे सोपानरावांच्या सहकारी मनाला पटेना. त्यांनी त्याच मांडवात अब्बांचा निरोप समारंभ ठेवला.

"पण मी अजून ठरवलं नाही," अब्बा म्हणाले.

"ठरवा की! कोन नगं म्हनतंय? पर मांडव मंगळवारी सुटनार हाय," सोपानराव म्हणाले.

अब्बांना शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि वर्गातर्फे एक पत्र्याची हिरवी ट्रंक मिळाली. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात पेंटरने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: मीरासाहेब, मोंबासा. साहेबांनी भाषणात अब्बांचा "आफ्रिकेत मराठी झेंडा रोवणारे" असा उल्लेख केला आणि मग बियाण्याच्या उगवण क्षमतेवर अर्धा तास बोलले. अब्बांनी उत्तरादाखल दोन वाक्यं इंग्रजीत म्हटली. टाळ्या झाल्या. ते खाली बसले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, जणू सिग्नल पडलेला नसताना कुणी त्यांची गाडी सोडून दिली होती.

आता पंचाईत अशी, की ज्या माणसाला गावाने निरोप दिला तो रोज सकाळी बाजारात दिसू लागला.

"अजून गेला न्हाई, मास्तर?" पहिले आठ दिवस लोक विचारत.

मग अब्बा मागच्या गल्लीने जाऊ लागले. त्यामुळे ते आठ-दहा दिवस कुणाला दिसले नाहीत. मग एक दिवस दिसले, तेव्हा पोस्टाच्या दारात कुणीतरी विचारलं, "मास्तर! कवा आलात परत?"

अब्बांनी एकाला समजावलं. दुसऱ्याला समजावलं. तिसरा म्हणाला, "कशी काय हवा तिकडली?" त्यावर अब्बा, दमलेला माणूस, छत्री काखेत मारून म्हणाले, "बरी आहे. दमट आहे जरा."

त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी मला हे सांगितलं आणि आम्ही दोघं इतकं हसलो की कोंडिबा दूध घालायचं थांबवून आत बघायला आला. हसता हसताच अब्बा म्हणाले, "गाव मला पाठवूनही मोकळं झालं आणि परत आणूनही. फक्त तू तेवढी राहिलीस, मेहरुन."

मी डोळे पुसत म्हटलं, "बघू."

सप्टेंबरात फुफ्फीचं पोस्टकार्ड आलं: "लोणचं मुरलं." पाठोपाठ बरणी आली. अब्बांनी ती गोधडीत गुंडाळून हिरव्या ट्रंकेत ठेवली. मग गुरुवार आला, आणि त्यांनी मला उन्हाळ्याचं विचारलं.

अब्बांच्या चाळिसाव्याला फुफ्फी दौंडहून आली होती. पाहुणे जेवून गेले. दुपार उतरली तेव्हा ओसरीवर चपलांचे आवाज आले. वर्ग आला होता. बारा जण, आणि खिडकीबाहेरचे चौघे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आपापल्या जागी बसले. मग हौसरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, बोलू का नगं कळंना," ते म्हणाले. "मास्तरांनी अकरा धडे घेतले. एक ऱ्हायला."

"हो."

"छत्रीचं काय झालं मंग?"

"आवं, आजच्या दिशी काय इचारता!" साखरबाई त्यांच्यावर ओरडल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पर मास्तरांनी अर्धवट टाकलं नसतं."

पुस्तक ट्रंकेत होतं. मी आत जाऊन झाकण उघडलं. गोधडीतली बरणी, शाल, ढगाचा फोटो, आणि तळाशी बारावा धडा. पुस्तकात खूण म्हणून घडी घातलेला संस्थेचा अर्ज होता. मी तो उलगडला.

तो मी आधी कधी पाहिला नव्हता. मला दाखवावा असं मी कधी म्हटलंही नव्हतं. सगळे रकाने शाईने भरलेले होते, अब्बा गाड्यांच्या वेळा ज्यात लिहीत त्याच सरळ अक्षरात. एका रकान्यात विचारलं होतं, शाळेचे मुख्याध्यापक कोण. तिथे लिहिलं होतं: मिस मेहरुन मीरासाहेब, बी.ए., बी.टी. त्याखाली, सहायक कोण. तिथे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. सहायकाची कामं: घंटा वाजवणे, हजेरी घेणे, वेळ सांभाळणे.

सहीची जागा कोरी होती. तिच्या शेजारी पेन्सिलीने, अगदी बारीक, एक आडवी रेघ आणि शब्द: लाइन क्लिअर. नंबर. पुढे काही नाही.

त्यांनी मला कधी सांगितलं नाही की शाळा माझ्यासाठी आहे. सांगितलं असतं तर मी वडिलांचं मन राखायला हो म्हटलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना ते हो नको होतं. तीन महिने ते रोज मला एवढंच विचारत होते, की तुझी वाट मोकळी आहे का. आणि मी त्यांना एका म्हाताऱ्या माणसाच्या हौसेला द्यावं तसं उत्तर देत होते.

मी बाहेर गेले आणि बारावा धडा वाचला. नियमाप्रमाणे इंग्रजीतच वाचला. ब्राउनसाहेब स्टेशनवर जातात. तिथे हरवलेल्या वस्तूंची एक खोली असते. स्टेशन मास्तर विचारतात, आपली छत्री कशी होती? ब्राउनसाहेब सांगतात. स्टेशन मास्तर ती काढून त्यांच्या हातात देतात.

खिडकीबाहेरच्या एकाने विचारलं, "म्हंजी स्मिथनं न्हाई नेली?"

"मास्तराकडं व्हती," हौसराव म्हणाले. "पहिल्यापास्नं मास्तराकडंच व्हती." आणि त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

फुफ्फीने सगळ्यांना भाकरीबरोबर लोणचं वाढलं. मेथीदाणा जास्त झाला होता. सगळ्यांनी चांगलं झालंय म्हणून सांगितलं. दिवस मावळायच्या आत वर्ग उठला. फुफ्फी आत आडवी झाली. साखरबाई मागे राहिल्या आणि अंगणात ताटं घासायला बसल्या.

मी ओसरीवर अब्बांच्या जागी बसले. आरसा अजून खिडकीच्या गजाला टांगलेला होता. अर्ज मांडीवर होता. मला कुणी नंबर दिला नव्हता, तेव्हा माझ्याकडे होता तोच दिला. बोलले मी, पण आवाज फुटला नसावा.

"काय म्हनलात, बाई?" अंगणातून साखरबाईंनी ताट घासायचं थांबवून विचारलं. "ऐकू आलं न्हाई."

ऐकू आलं नाही तर परत सांगायचं, असा नियम आहे. मी उभी राहिले आणि अंगणापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं,

"मला यायचं होतं, अब्बा. लाइन क्लिअर. नंबर चौतीस."